माझ्या गैरहजेरीतली चौकशी

नवी मुंबईत पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी पॅकिंग लाइनची सुपरवायझर होते. शाम्पूच्या पुड्या भरणारं मशीन. एका दुपारी एका ऑपरेटरच्या एप्रनची बाही पट्ट्यात अडकली आणि मी लाल बटण दाबलं. बाही फाटली, हात वाचला. पट्ट्यावर असायला हवी ती जाळी कुणीतरी दुरुस्तीसाठी काढून नेली होती. जाळी बसल्याशिवाय लाइन सुरू होणार नाही, असं मी सांगितलं.

मॅनेजर धावत आले. संध्याकाळी कंटेनर निघायचा होता.

"जाळीवाचून काय अडलंय?" त्यांनी विचारलं.

"मग तुम्ही उभे राहा इथे," मी म्हटलं.

हेच वाक्य आरोपपत्रात आलं तेव्हा ओळखू येईना. 'वरिष्ठ अधिकाऱ्यास धोकादायक यंत्रासमोर उभे करण्याची धमकी दिली.' आणखी दोन आरोप होते. परवानगीशिवाय उत्पादन थांबवलं आणि लाइनवरच्या बायकांना काम टाकून घरी जायला चिथावलं. चौकशी होईपर्यंत मी निलंबित.

निलंबित बाई सकाळी दहा वाजता नेरूळच्या सोसायटीत जिना उतरताना दिसली की लोक विचारतात, "आज सुट्टी?" मी हो म्हणायचे. सुट्टी फारच लांबली तेव्हा लोकांनी विचारणं सोडलं आणि सेक्रेटरींनी मला गणपतीच्या समितीत घेतलं. मी घरीच असते, हे त्यांनी कारण दिलं.

चौकशीची नोटीस आली तेव्हा उलव्याहून मामा आले. मामांची शेती सरकारने विमानतळासाठी घेतली. त्यांचं अर्धं आयुष्य आंदोलनात गेलं आणि आंदोलनाचा बराचसा भाग बैठकांवर बहिष्कार घालण्यात गेला. त्यांनी नोटीस वाचली, घडी केली आणि फ्रिजवर ठेवली.

"तू जाव नको," ते म्हणाले. "चौकशी करनारा मानूस त्यांचाच हाय. गेलीस का त्याला मानलास. आमी एकाही बैठकीला गेलो नाय."

"आणि मग काय झालं?" माझ्या नवऱ्याने विचारलं. तो एसी दुरुस्त करतो, त्याला प्रश्न सरळ विचारायची सवय आहे.

"बैठका झाल्या," मामा म्हणाले.

नवऱ्याचं मत असं की जाऊन बघावं, नाही पटलं तर उठून यावं. पण मामांचं बोलणं मला आवडलं होतं. त्यात स्वाभिमान होता आणि पावण्याला जावं लागत नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्या गेटमधून आत जायची भीती वाटत होती. ज्या सिक्युरिटीवाल्याला मी रोज गुड मॉर्निंग म्हणायचे, तो आता मला थांबवून नाव विचारणार होता. मी गेले नाही. त्या दिवशी समितीबरोबर मांडवाची जागा मोजली.

चौकशी झाली. पुढच्या आठवड्यात कामकाजाची प्रत घरी आली. 'कर्मचारी गैरहजर. कामकाज एकतर्फी.' मग एका साक्षीदाराचा जबाब. साक्षीदार माझ्याच लाइनवरची मुलगी होती, मी शिकवलेली. मी सगळ्यांना 'घरी जा' म्हणाले, असं तिने सांगितलं होतं. खाली लिहिलं होतं, 'उलटतपासणी : नाही.'

मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. त्या खोलीत माझ्याबद्दल सगळं बोलून झालं होतं आणि नाही म्हणायला कुणी नव्हतं. नाही म्हणायचं काम माझं होतं आणि मी मांडव मोजत होते. मामांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "बघ, मी सांगितला व्हता, तो त्यांचाच मानूस हाय." मी म्हटलं, असेल, पण पुढच्या तारखेला मी जाणार.

बाजू मांडायला सोबत एका सहकाऱ्याला घेऊन जाता येतं. पण त्या दिवशी प्रत्येकाच्या घरी काही ना काही काम निघालं, म्हणून मी एकटीच गेले. सिक्युरिटीवाल्याने नाव विचारलं. मी सांगितलं. त्याने स्पेलिंगही विचारलं.

चौकशी कॅन्टीनशेजारच्या खोलीत होती. चौकशी अधिकारी वाशीचे एक वयस्कर वकील होते. त्यांच्याशेजारी एक टंकलेखक बसला होता. तो प्रत्येक वाक्य टाइप करायचा आणि वेग कमी असल्यामुळे म्हणायचा, "परत सांगा." एकच वाक्य दोनदा रागाने बोलता येत नाही. त्यामुळे सगळी चौकशी शांततेत झाली.

आधी मॅनेजर आले. मी विचारलं, "मी नेमकं काय म्हणाले?"

"म्हणालात, तुम्ही उभे राहा इथे."

"इथे म्हणजे कुठे?"

"मशीनसमोर."

"तिथे रोज कोण उभं असतं?"

"ऑपरेटर."

वकिलांनी चष्मा काढला. "म्हणजे ऑपरेटर रोज उभी असते त्या जागी उभं राहायला सांगणं ही धमकी झाली. असंच लिहायचं ना?"

मॅनेजरांनी थोडा विचार केला. "असं नका लिहू."

"परत सांगा," टंकलेखक म्हणाला.

मग मी त्या मुलीला पुन्हा बोलावण्याची विनंती केली. वकिलांनी परवानगी दिली. ती आली आणि टेबलाच्या कडेकडे बघत बसली.

"मी घरी जा म्हणाले होते का?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही ताई. बाजूला व्हा म्हणाला होतात."

"मग मागच्या वेळी तसं का सांगितलं?" हा प्रश्न वकिलांचा होता.

"मागच्या वेळी ताई नव्हत्या," ती म्हणाली. "त्या समोर नसताना बोलायला सोपं होतं."

टंकलेखकाने या वेळी परत सांगायला लावलं नाही. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. तिला त्या खोलीत एकटीला मीच सोडलं होतं.

निकाल लागला. चिथावणी सिद्ध झाली नाही, धमकीही नाही. परवानगीशिवाय उत्पादन थांबवल्याचा आरोप सिद्ध झाला. तो मी कधी नाकारलाच नव्हता. लेखी ताकीद देऊन त्यांनी मला परत घेतलं, पण बाटल्यांच्या लाइनवर. मामांनी ही बातमी उलव्यात अशी सांगितली की पहिल्या दिवशी आपण गेलो नाही, त्याने ते घाबरले. मी दुरुस्त केलं नाही.

पुड्यांच्या मशीनवर जाळी बसली आहे. जाता-येता मी बघते.

कामावर आले त्या आठवड्यात मॅनेजर कॅन्टीनच्या रांगेत माझ्यापुढे होते. त्यांनी मागे वळून पाहिलं.

"चौकशीत चांगलं बोललात," ते म्हणाले.

"थँक यू, सर."

ते आणखी काही बोलतील असं वाटलं. त्यांनी दोन ताटं उचलली, एक मला दिलं आणि रांग पुढे सरकली.