ती ओली पावलं कोणाची

दामूदादा गेला, त्याच्या आदल्या दिवशी मी त्याच्याशी खोटं बोलले.

आज वर्ष झालं. रेवदंड्याला त्याच्या घरी जाऊन आल्यापासून एका जागी बसवत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

दादाची स्वतःची छोटी होडी होती. नागावला आमच्या होमस्टेला मासळी द्यायला यायचा, आणि चहा घेतल्याशिवाय हलायचा नाही.

एकदा एक गेस्ट अकराशे पानांची कादंबरी विसरून गेला. अनुवादित, भलतीच विचित्र. एका माणसाच्या घराचा जिना रोज वाढतो, खिडक्या जागा बदलतात, आणि रोज सकाळी दारापासून स्वयंपाकघरापर्यंत ओली पावलं उमटलेली असतात.

मी तिसाव्या पानावर हात टेकले. दादाने ते धूड उचलून पाहिलं आणि सरळ कोयत्याने त्याचे सहा तुकडे केले.

"दादा, अरे पुस्तक आहे ते."

"एवरा मोठा मासा कोन अख्खा नेतो गो?"

एकेक तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून होडीवर न्यायचा. वाचून झाला की माझ्याकडे. त्याच्या नादाने मीही वाचू लागले. पानापानाला बांगड्याचा वास.

"येतानाची पावलं हायत, जातानाची न्हाय. म्हंजे मानूस घरातच हाय." ही त्याची थिअरी.

मी हसायचे. म्हणायचे, अशा पुस्तकांत उत्तर नसतं.

तो चिडायचा. "मंग अकराशे पानं कशाला लिवली?"

त्याचा थोरला भाऊ समुद्रात गेला तो परत आलाच नाही. काही सापडलंही नाही. हे मला वैनीने, म्हणजे त्याच्या बायकोने सांगितलं. तो स्वतः कधी बोलला नाही.

पाच तुकडे झाले आणि दादा आजारी पडला. हॉस्पिटलात अक्षरं डोळ्यांपुढे ठरेनात. सहावा तुकडा मी एकटीने वाचला.

शेवटच्या पानावरही पावलं ओलीच. कोणाची, ते सांगितलेलंच नाही. इतका संताप झाला की पुस्तक भिरकावलं.

भेटायला गेले, तर पहिला प्रश्न तोच. "कोन व्हता?"

"भाऊ," मी म्हणाले. "त्याचा भाऊ परत आलेला असतो."

"नक्की?"

"शेवटच्या पानावर आहे."

त्याने डोळे मिटले. चेहरा निवला. सुटले, असं वाटलं तेव्हा मला.

आज वर्षश्राद्धाला गेले. वैनीचा निरोप होता, शेवटचा तुकडा घेऊन ये. जेवणं झाल्यावर तिने मला आत नेलं.

"मना वाचता येत न्हाय. ह्यांनी जाताना सांगितलं, भाऊ आला म्हनून लिवलंय. ते पान वाचून दाखव."

मी पान उघडलं. कुठलंही पान धरून काहीही वाचता आलं असतं. नाही जमलं.

"वैनी, असं पान नाहीये. ते मी माझ्या मनाचं सांगितलं होतं."

तिने पदर सारखा केला. मला वाटलं, आता घराबाहेर काढते.

"मंग त्यांना सांगितलंस तसंच मना सांग," ती म्हणाली.

सांगितलं. भाऊ कसा आला, दारात कसा थांबला, आत यायला कसा लाजला. दादाला मी एवढं सांगितलंही नव्हतं.

दादा, तुला मात्र खरं सांगायचं राहून गेलं. ती पावलं कोणाची, ते पुस्तकात नाही आणि मलाही माहीत नाही.

माफ कर. मनापासून श्रद्धांजली.