बुखाऱ्याच्या ओबाआसान

"मग तुमची यादी चुकलीय," असं म्हणून त्या पर्सचा चाप टक्कन लावायच्या.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते कोबेच्या वॉर्ड ऑफिसात, परदेशी लोकांच्या नोंदणीच्या खिडकीपाशी. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून तिथे गेलो होतो. माझ्यापुढे रांगेत ऐंशीच्या घरातल्या एक बाई होत्या, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेल्या. देशाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'अमीरांचा बुखारा'. असा देश आता यादीत नाही, हे कारकून परोपरीने सांगत होता.

पुढे कळलं, त्या आमच्याच गल्लीत राहतात. सगळे त्यांना ओबाआसान म्हणत, म्हणजे आजी. मला त्या ओकुसान म्हणत, म्हणजे वहिनी. डॉक्टरांनी त्यांना पथ्याची यादी दिली. तीत मटण नव्हतं. तीही चुकलेलीच निघाली.

आमची दोघींची भाषा म्हणजे मोडकी जपानी. मोडकी माझी, त्यांची अस्सल. पण एकदा चहा पिताना त्यांनी दाराकडे बोट दाखवून आपल्या बुखाऱ्याच्या बोलीत म्हटलं, "दरवोझा." मी उडालेच. "आम्ही दरवाजा म्हणतो!" मग दुकोन-दुकान झालं, चोदर-चादर झालं. त्या समाधानाने म्हणाल्या, "म्हणजे आमची माणसं तुमच्याकडे येऊन गेलीत."

त्यांचे वडील बुखाऱ्याच्या शेवटच्या अमीरांच्या, म्हणजे राजाच्या, घोड्यांचे वैद्य होते. रशियाची लाल फौज आली, अमीर अफगाणिस्तानात पळाले, आणि घोड्यांबरोबर वैद्यालाही निघावं लागलं. बायको आणि आठ वर्षांची ही मुलगी त्यांच्याबरोबर गेली. तीन वर्षांच्या धाकटीला गोवर आला होता, म्हणून तिला मावशीकडे ठेवलं. महिनाभरात परतायचं ठरलं होतं. त्याऐवजी काबूल, पेशावर, मुंबई असं करत ते बोटीने कोबेला पोचले. मागचा रस्ता सत्तर वर्षं बंद राहिला.

"निघताना तिने माझी वेणी धरून ठेवली होती," ओबाआसान म्हणाल्या. "मी सोडवून घेतली." एवढंच सांगून त्या कप विसळायला उठल्या.

सोव्हिएत रशिया फुटला आणि बुखारा आता ज्या देशात आहे तिथल्या, ताश्कंदच्या एक प्राध्यापिका कोबेच्या विद्यापीठात आल्या. परत जाताना त्यांनी ओबाआसानचं पत्र नेलं. पाच महिन्यांनी त्यांचा निरोप आला, बहीण सापडली आहे, रविवारी दुपारी फोन करेल. ओबाआसानना ऐकू कमी यायचं आणि आमच्या फोनला स्पीकर होता, म्हणून आमचा नंबर कळवला.

त्या दोन तास आधीच आल्या, रेशमी झगा घालून.

"विचारलं तर काय सांगू?"

"काय विचारलं तर?"

"मला का सोडून गेलात म्हणून."

मी पुन्हा चहा टाकला.

फोन वाजला. खरखर, आणि त्यातून एक म्हातारा आवाज. ओबाआसाननी स्वतःचं नाव सांगितलं. पलीकडची बाई रडत, हसत बोलतच राहिली. मला त्यातला एकच शब्द कळला. "झिंदा? झिंदा?" जिवंत?

"मावशीने तिला सांगितलं होतं, आम्ही सगळे वाटेत मेलो," फोन ठेवल्यावर ओबाआसान म्हणाल्या. "ती इतकी वर्षं आमच्यासाठी दुवा मागत होती. ओकुसान, तिला राग आलेलाच नाही. रागवायला कोणी उरलंय हेच तिला माहीत नव्हतं."

मग त्यांनी डोक्यावरचा रुमाल सोडला, आमच्या तातामीच्या चटईवर अंग टाकलं आणि लहान मुलासारख्या गाढ झोपल्या. नवरा बाहेरून आला तो चवड्यांवर चालत आत गेला.

वसंतात त्या बुखाऱ्याला गेल्या. वर्षभरात जपानला परतायचा परवाना आम्ही काढून दिला होता. तो त्यांनी वापरलाच नाही. हिवाळा सरला तरी काही कळेना, तेव्हा मी धास्तावले. ऐंशी उलटलेलं माणूस.

आणि एक पाकीट आलं. आत फोटो होता. तुतीच्या झाडाखाली बाकावर दोन म्हाताऱ्या. कॅमेऱ्याकडे एकीचंही लक्ष नाही. दोघी बोटं नाचवत एकमेकींवर ओरडताहेत. फोटोच्या मागे जपानीत लिहिलं होतं, "ही म्हणते, वडील उंच होते. मुळीच नव्हते. रोज भांडतो."