लांबून रंगवलेली बंदूक

१९९६ साल. मी बावन्न वर्षांचा. हातात पॉलिश पेपर आणि समोर कुणाच्या तरी पिकअपचं दार. महिनाभर हेच चाललं होतं.

मी गाड्यांचा पेंटर. शाळा चौथीपर्यंत, पण बहरीनमध्ये सनाबिसच्या आमच्या गॅरेजात माझ्याइतका जुना हात दुसरा नव्हता. मग एका गिऱ्हाइकाची चंदेरी गाडी परत आली. दारावर ढग होते. चंदेरी रंगात अ‍ॅल्युमिनियमची बारीक भुकटी असते. फवारा एका चालीत फिरला नाही, तर ती कुठे दाट, कुठे विरळ बसते आणि काळपट डाग दिसतात. त्याला आम्ही ढग म्हणतो.

फोरमन दाऊदभाई रत्नागिरीचे. म्हणाले, "मामा, डोळे गेले तुमचे. बूथ आता जोसेफकडे. तुम्ही घासकाम बघा."

बूथ म्हणजे धूळ येऊ नये म्हणून बंद केलेली रंगाची खोली. जोसेफ केरळचा, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. तो रोज म्हणायचा, "मामा, चश्मा लगाओ ना." मी रोज म्हणायचो, "तू लगा." माझ्या बापाने मरेपर्यंत चष्मा लावला नाही. मी कशाला लावू?

डिसेंबरात शहरातल्या हूरा भागातल्या एका हॉटेलचा मॅनेजर आला. नवीन वर्षाच्या कार्यक्रमात स्टेजवर चांदण्यांतून उतरलेला माणूस दाखवायचा होता, आणि त्याच्या हातात किरण सोडणारी बंदूक. मॅनेजरने एका जुन्या मासिकातलं चित्र काढलं. फुगीर पोट, नळीवर चकत्या, मागे माशासारखे पंख.

दाऊदभाईंनी विचारलं, "ही नवी की जुनी?"

"पुढच्या काळातली. पण जुन्या लोकांनी मनात आणलेली."

"मफी, मफी," दाऊदभाई म्हणाले. "जमणार नाही. आम्ही गाड्या करतो."

मला मात्र ते चित्र लगेच कळलं. आमच्या खेड तालुक्यातल्या गावात पहिली गॅसबत्ती आली, तेव्हा मी लहान होतो. पितळी पोट, पंप, वर टोपी, आणि फस्स करून पांढरा उजेड. आम्हाला वाटलं, पुढे सगळं जग असंच दिसणार. या चित्रवाल्यालाही तसंच वाटलं असणार.

मी उभा राहिलो. "मी करतो. पण चंदेरी रंग बूथमध्ये मीच मारणार. एक जरी ढग दिसला, तरी जन्मभर घासकाम करीन. नाही दिसला, तर बूथ माझं."

"इंशाल्ला, बघू."

"इंशाल्ला नको दाऊदभाई. हो म्हणा."

जोसेफ हसला. दाऊदभाई वैतागून म्हणाले, "हो बाबा, हो. यल्ला, कामाला लागा."

भंगारातून गॅसबत्ती मिळाली. तिचं पोट तेच बंदुकीचं पोट. मूठ आणि घोडा एका जळालेल्या ड्रिल मशीनचा. नळी गाडीच्या अँटेनाची, तिच्यावर उतरत्या आकाराचे अ‍ॅल्युमिनियमचे केकचे साचे. टोकाला इंडिकेटरची लाल काच. पंख पत्र्याचे. सांध्यांत पुट्टी भरली, घासली, प्रायमर मारला. इथवर डोळ्यांचं काम नव्हतं. खाचखळगा बोटाला कळतो.

ढग बोटाला कळत नाही.

पहिल्यांदा चंदेरी मारला. मला छान वाटला. दाऊदभाईंनी बंदूक ट्यूबलाइटखाली धरली आणि बोट दाखवलं. "हे काय? हे काय? आणि हे?" मला तिथे नुसतं पांढुरकं दिसत होतं. सगळा रंग घासून काढला. दुसऱ्यांदा तेच. जोसेफ म्हणाला, "मामा, मैं मार देता हूँ. किसी को नहीं बोलूँगा." त्याच्या मनात वाईट नव्हतं. म्हणूनच मला जास्त लागलं.

"खबरदार हात लावलास तर."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टी. जोसेफकडून बूथची किल्ली मागून घेऊन मी एकटाच गॅरेजात आलो. रंग घासला, पुन्हा मारला आणि वाळायला बंदूक अंगणातल्या तारेला टांगली. चहा घ्यायला फाटकापर्यंत गेलो आणि सहज मागे वळून पाहिलं. उन्हात, तिथून, पोटावरचे दोन ढग मला स्वच्छ दिसले!

जवळ गेलो. नाहीसे झाले. फाटकाशी परत आलो. पुन्हा हजर.

म्हणजे माझे डोळे गेले नव्हते, फक्त लांब गेले होते.

मग काय! ढगांची जागा लक्षात ठेवायची, बूथमध्ये जाऊन तिथे लांबून पातळ फवारा द्यायचा, वाळला की तारेला टांगायचं आणि फाटक गाठायचं. ऊन कलायच्या आत संपवायचं होतं. पलीकडचा दुकानदार विचारायला लागला की काय हरवलंय म्हणून फेऱ्या घालताय. पाय भरून आले, पण शेवटी फाटकातून पाहिलं तर नुसती चांदी. पंखांना लाल मारला आणि मग बसलो.

शनिवारी दाऊदभाईंनी बंदूक ट्यूबलाइटखाली फिरवली. जोसेफकडे दिली. त्याने हँडलॅम्प लावून बघितलं, उलटी करून बघितली.

"नहीं है मामा. एक भी नहीं."

मॅनेजर आला आणि घोडा दाबून तोंडानेच "झूंऽऽ" केलं. एवढा सूटबूटवाला माणूस! तो गेल्यावर दाऊदभाईंनी बूथची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "घ्या. उद्या दुपारी पहिलीच गाडी आहे. मोठी जीएमसी. चंदेरी."

मी किल्ली खिशात घातली. रात्रभर ती जीएमसी डोळ्यांसमोर. हट्टाने बूथ परत मिळतं, हे मी करून दाखवलं होतं. पण एवढी गाडी तारेला टांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाब अल बहरीनच्या बाजारात गेलो आणि चष्म्याचं दुकान उघडायच्या आधीच पायरीवर बसलो. दुकानदाराने शटर वर केलं आणि विचारलं, "काय, दिसत नाही?"

मी म्हटलं, "लांबचं उत्तम दिसतं. जवळचा द्या."