वाट धरणारा धाकू

बोंडारपाड्याच्या शाळेवर मी सतरा वर्षं काढली. आंबिवली स्टेशनवरून रिक्षाने पाऊण तास, मग काळू नदीवरचा पूल, आणि पूल संपला की डोंगराच्या पायथ्याला धरून सत्तर-ऐंशी घरं. तिथली पुष्कळ माणसं आता नावाने आठवत नाहीत. धाकू हरड मात्र आठवतो.

धाकू अंगाने बारीक आणि बोलायला त्याहून कमी. ठाण्याला कोलशेतच्या एका कारखान्यात तो ग्राइंडिंगच्या मशीनवर होता. बायको लवकर गेली, एकुलती सोनल त्याने एकट्याने वाढवली. सुट्टीच्या दिवशी शेतात दिसायचा. पण गावात त्याचा मान होता तो नोकरीमुळे नव्हे आणि शेतीमुळेही नव्हे. शिमग्यानंतरच्या पारधीत तो वाट धरायचा.

पारध म्हणजे रानडुकराची शिकार. बंदूक गावात कुणाकडे नव्हती. निम्मी माणसं पत्र्याचे डबे वाजवत, ओरडत डोंगर उतरायची, कुत्री त्यांच्या पुढे. डुक्कर ज्या घळीतून खाली पळणार तिच्या तोंडाशी एक जण बरची, म्हणजे आखूड भाला, घेऊन उभा राहायचा. यालाच वाट धरणं म्हणत. त्याच्या मागे दहा-बारा पावलांवर दुसरा, कोयता घेऊन. पहिल्याने डुक्कर बरचीवर घ्यायचं, मग दुसऱ्याने धावून जाऊन कोयता घालायचा. बरची लागेपर्यंत पहिल्याने हलायचं नाही आणि दुसऱ्याने जागा सोडायची नाही. नियम एवढाच.

हे कायद्याविरुद्ध आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. वनखात्याचा बोर्ड वेशीवरच होता. पण वालाच्या वावरात डुकरं शिरली की सकाळी नांगर फिरल्यासारखं दिसायचं, आणि पारध तर पणजोबांपासूनची. मी मास्तर. पारधीला कधी गेलो नाही, पण वाट्याचं मटण घरी आलं तर परतही पाठवलं नाही.

धाकूने बरची स्वतः केली होती. ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा भंगारातून आणून त्याने तो घासून पात्यासारखा केला होता. मी एकदा बोट लावून बघायला गेलो तर म्हणाला, "गुरुजी, धारेचं काय नाय. पाय हलता कामा नये."

त्याच्या मागे कोयता घेऊन नेहमी धोंडीबा असायचा. दोघं एकाच वर्षीचे, घरं समोरासमोर. धोंडीबा हसरा, गप्पिष्ट. गावातल्या लग्नांत जेवणावळ सांभाळायची ती त्यानेच.

दोन हजार अकराच्या मार्चमध्ये सकाळी नऊच्या सुमाराला डोंगरावरून आरडाओरड आली. नेहमीची नव्हे. मी शाळेतून बाहेर आलो तर चार जण चादरीची झोळी करून धोंडीबाला खाली आणत होते. डुकराच्या सुळ्याने त्याची मांडी जांघेपासून गुडघ्यापर्यंत उघडली होती. टॉवेल बांधला होता, पण तो कधीच लाल होऊन गेला होता. टेम्पोत मी पुढे बसलो, धाकू मागे धोंडीबाचं डोकं मांडीवर घेऊन. शहाडचा पूल आला तेव्हा मागून धोंडीबाचा आवाज ऐकला. "धाक्या, पाणी." पाणी कुणाकडेच नव्हतं. कल्याणच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांनी फक्त डोळे तपासले.

पारधीचं नाव काढलं असतं तर अख्खा गाव आत गेला असता. म्हणून कागदावर लिहिलं गेलं, 'शेतात बैलाने शिंग मारले.' ते वाक्य माझ्या अक्षरात आहे. मी लिहिलं आणि खाली सही केली.

गावात हकिकत अशी फिरली, की डुक्कर घळीतून आलं, धोंडीबा घाईघाईत आपली जागा सोडून पुढे घुसला आणि त्याच्या तोंडी सापडला. धाकूने मागून धावत जाऊन डुकराच्या बरगडीत बरची घातली आणि ते पाडलं. डबे वाजवणारे वरून पोचले तेव्हा त्यांनी पाहिलं ते एवढंच: धोंडीबा जमिनीवर, डुक्कर मेलेलं, आणि बरचीच्या काठीवर धाकूचे दोन्ही हात. धाकूला काही विचारलं की तो खाली बघायचा. लोकांना ते दुःख वाटलं.

पारधीला निघण्याआधी देवळापुढे गाऱ्हाणं घालायची रीत होती. गाऱ्हाणं विश्राम घालायचा, गावातला सगळ्यात वयस्कर माणूस. पारधीत जे मेले त्यांची नावं तो एकेक करून घेई आणि त्यांच्याकडे राखण मागे. पुढच्या वर्षी त्याने धोंडीबाचं नाव घेतलं नाही. कुणीतरी विचारलं तर म्हणाला, "जागा सोडली त्याचं नाव कसं घेणार?"

धोंडीबाची बायको सरोज तेव्हा पाणवठ्याजवळ उभी होती. तिने ऐकलं. हंडा भरला आणि घरी गेली.

धाकूने त्यानंतरही बरीच वर्षं वाट धरली. एकदाही हलला नाही. एका वर्षी डुकराने त्याची पोटरी फाडली तरी तो उभाच होता. डुकराचा मानाचा फरा, म्हणजे मागची मांडी, त्याच्या घरी यायचा, तो त्याच पावली कुणाकडे तरी पाठवायचा. लोक त्याला देवमाणूस म्हणू लागले. तो मात्र दर वर्षी थोडा अधिक वाळत गेला. मी आपला निवृत्त होऊन डोंबिवलीला राहायला गेलो. शिमग्याला तेवढा गावात जायचो.

असाच दोन हजार तेवीसच्या शिमग्याला गेलेलो. पारधीच्या आदल्या संध्याकाळी धाकूच्या ओटीवर चहा घेत बसलो होतो, तेव्हा सरोजचा मयूर आला. पंचवीस-सव्वीस वर्षांचा, भिवंडीच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर. उभ्या उभ्याच बोलला.

"काका, उद्या वाट मी धरणार. बरची द्या."

धाकूने कप खाली ठेवला. "तू कधी गेलायस का पारधीला?"

"नाय गेलो. म्हणून काय झालं? सगळी पोरं ऐकवतात यार. दारू पिऊन ऐकवतात, मस्करीत ऐकवतात. धोंडीबाचा पोरगा, पायाला पाय लावून पळायच्या जातीचा. एकदा उभा राहून दाखवतो, विषय संपला."

"तुझा बाप पळाला नव्हता."

"पळाला नाय, जागा सोडली. तेच ना?"

 अंगणात कोंबड्या चालल्या होत्या, धाकू त्यांच्याकडे बघत राहिला. मयूर म्हणाला, "बघा, सकाळी येतो," आणि गेला.

तो समोरच्या घरात शिरेपर्यंत धाकू बघत होता. मग धाकू म्हणाला, "गुरुजी, धोंडीबाने जागा सोडली नाय. मी सोडली."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"ते आलं ना, तेव्हा पहिलं कुत्रं त्याने उडवलं. कुत्रं माझ्या छातीवर येऊन पडलं, फाटलेलं. आणि मी बाजूला झालो. उजवीकडे, एक पाऊल. एवढंच. ते माझ्या कुशीवरून गेलं ते सरळ त्याच्यावर. तो होता तिथंच उभा होता. कोयता पण उचलला नव्हता त्याने. कशाला उचलेल? पुढं मी आहे हे त्याला माहीत." मग म्हणाला, "टेम्पोत मला एकदा तरी शिवी घालायला पाहिजे होती त्याने. पाणी मागितलं."

मी विचारलं, "इतकी वर्षं का नाही बोललास?"

"पहिल्या दिवशी कुणी विचारलं नाय. दुसऱ्या दिवसापासून जमलं नाय."

तो उठला, सदरा घातला. "गुरुजी, चला माझ्यासंगती. नायतर मी अर्ध्यातून परत फिरेन."

समोरचं घर. मध्ये वीस पावलं नसतील. सरोज भाकऱ्या थापत होती. धाकू दाराच्या आत आला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून त्याने मला सांगितलं तेच जसंच्या तसं सांगितलं. मयूर आतून येऊन भिंतीला टेकला. सरोजचा हात पिठात तसाच राहिला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती मयूरने उतरवली.

"बारा वर्षं," सरोज म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "बारा वर्षं तू या दारासमोरनं जातोयस. माझ्या पोराला शाळेत मारलं त्यावरनं, तेव्हा तू सोडवायला गेलेलास. मी तुझ्या पाया पडलेले तेव्हा."

"वहिनी..."

"वहिनी म्हणू नको." ती उठून उभी राहिली. "हे मला कशाला सांगतोस? मला माहीत होतं माझा माणूस कसा होता ते. ज्यांनी नावं ठेवली त्यांना सांग. उद्या देवळापुढं सांग, सगळ्यांच्या तोंडावर. आणि गुरुजी तुम्ही..." ती माझ्याकडे वळली. "बैलाने मारलं म्हणून तुम्हीच लिहिलंत ना? आमच्या दारात बैल होता का हो कधी?"

मी उंबऱ्यावरूनच परत फिरलो. 

सकाळी देवळापुढे चाळीसेक माणसं जमली. कोयते, काठ्या, बरच्या, दोरीला बांधलेली कुत्री. विश्राम नारळ हातात घेऊन पुढे झाला तसा धाकू म्हणाला, "थांब. आधी माझं ऐका." बायका पारधीच्या गाऱ्हाण्याला येत नाहीत, पण सरोज आली होती आणि सगळ्यांना दिसेल अशी चौथऱ्याच्या कडेला उभी होती.

धाकूला मोठ्याने बोलायची सवय नव्हती. मागच्यांनी ओरडून सांगितलं, ऐकू येत नाय. तेव्हा त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कुत्रं छातीवर पडलं ते, एक पाऊल उजवीकडे ते, पाणी मागितलं ते. सांगून झाल्यावर बरची चौथऱ्यावर आडवी ठेवली.

विश्राम खाकरला. "झालं ते झालं. आता एवढ्या वर्षांनी उकरून काय मिळणार? चला, ऊन चढतंय."

"नाव घे," सरोज म्हणाली.

विश्रामने तिच्याकडे बघितलं नाही.

"त्याने जागा सोडली म्हणून नाव घेत नव्हतास ना? सोडली नव्हती. आता घे."

कुणी हललं नाही.  मग मयूर पुढे आला. मला वाटलं, आता बरची उचलणार, आणि ती कुणावर उचलेल याची भीती वाटली. त्याने विश्रामच्या हाताखाली हात धरला, नारळाला आधार दिला आणि म्हणाला, "घ्या ना आजोबा."

विश्रामने डोळे मिटले. जुनी नावं एकेक करून घेतली, मला ती सगळी माहीत नव्हती. शेवटी म्हणाला, "धोंडीबा लक्ष्मण. वाटेवर उभा होता." आणि नारळ फोडला.

सरोज खाली बसली. नवरा गेला त्या दिवशीही ती गावासमोर रडली नव्हती. आता रडली, आणि चाळीस माणसं हातात हत्यारं घेऊन तशीच उभी राहिली.

त्या दिवशी दहा-पंधरा जण डोंगरावर गेले. वाट धरायला कुणी पुढे होईना, दुपारी रिकामेच उतरले. पुढच्या वर्षी गाऱ्हाणं झालं, पारध झाली नाही. बंदीने थांबली नव्हती, आता थांबली. वालाच्या वावरांना लोकांनी तारेचं कुंपण घातलं. ते पुरतं असं नाही.

धाकूला कुणी वाळीत टाकलं नाही, पण त्याच्या ओटीवर बसायला येणं लोकांनी सोडलं. देवळापुढे बोलला त्याच वर्षी, पावसाळ्याआधी, सोनलने त्याला डोंबिवलीत कोपरला आपल्या घरी आणलं. ती नर्स आहे. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मी अधूनमधून जातो. तो भाजी निवडून ठेवतो, नातीला शाळेतून आणतो. पूर्वीपेक्षा झोप लागते म्हणतो. बरं वाटतं का, असं मी एकदा विचारलं. "बरं नाय वाटत," म्हणाला. "पण खरं वाटतं."

गेल्या वर्षी मयूरचं लग्न ठरलं. पत्रिका घेऊन तो स्वतः कोपरला आला. आईने पाठवलं का, हे धाकूने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. आम्ही दोघं बरोबर गेलो. मांडवात धाकू शेवटच्या पंक्तीला, कडेच्या खुर्चीवर बसला. काही ओळखीचे बोलले, काही नुसतेच बघून पुढे गेले.

पंगत अर्धी झाली तेव्हा सरोज भाताचं ताट घेऊन आमच्या रांगेत आली. माझ्या पत्रावळीवर वाढलं. मग धाकूच्या पुढे थांबली. त्याने पत्रावळीवर हात आडवा धरला, नको म्हणून की कशासाठी, कोण जाणे. तो हात काढेपर्यंत ती थांबली आणि मग वाढलं.

"सोनल नाय आली?" तिने विचारलं.

"ड्युटी हाय तिची."

"बरं," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली.