काळे केस पांढरे करण्याचे घरगुती उपाय

माझे केस काळे झाले तेव्हा माझं वय छप्पन्न होतं. त्याआधी दहाएक वर्षं ते पांढरे होते आणि त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं. रहिमतपुरात माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटर घेऊन आलेला शेतकरी मिस्त्रीच्या डोक्याकडे बघत नाही. पण आमच्या प्रणालीचं लग्न सांगलीत ठरलं, रविवारी संध्याकाळी साखरपुडा होता, आणि त्याच आठवड्यात आमचा न्हावी संपत माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, की मुलीचा बाप कसा ऐटीत दिसला पाहिजे. मी मान डोलावली आणि डोळे मिटले. (हातात वस्तरा असलेल्या माणसाशी मी वाद घालत नाही.) डोळे उघडले तर आरशात मी नव्हतोच! डोकं, कल्ले, मिशी, सगळं डांबरासारखं काळंकुळकुळीत. मला तर फार आवडलं. घरी जाताना मुद्दाम बाजारपेठेतून, लांबच्या रस्त्याने गेलो.

शालन, म्हणजे माझी बायको, एवढंच म्हणाली, की बरं दिसतंय. तिचे केस माझ्याइतकेच पांढरे. तिला कलप सोसत नाही. एकदा लावला तर कपाळापासून कानापर्यंत पुरळ उठलं आणि आठवडाभर ती पदर ओढून बसली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही साताऱ्याला साडी घ्यायला गेलो. दुकानातला विक्रेता लगबगीने पुढे आला, शालनला खुर्ची दिली आणि मला म्हणाला, "दादा, आईंना नऊवारी दाखवू का सहावारी?"

मी हसलो. आयुष्यात नको त्या वेळी मी बऱ्याचदा हसलोय, पण हे हसू सगळ्यांत महागात पडलं. शालनने एक साडी हातात घेतली, खाली ठेवली आणि डोकं दुखतंय म्हणून दुकानाबाहेर पडली. एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी असून ती पुढे बायकांच्यात जाऊन बसली. घरी आल्यावर भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता तिने निकाल दिला.

"मी साखरपुड्याला येत न्हाई. आबांना आन् जाऊबाईंना घिऊन जावा."

(आबा म्हणजे माझे थोरले बंधू. आईवडिलांच्या मागे घरात तेवढे एकच वडीलधारे.)

मी तिला समजावलं, मग चेष्टा केली, मग थोडा आवाज चढवला. माझी समजूत घालायची पद्धत याच क्रमाने जाते. शेवटी तिने परातीतला हात थांबवला.

"आवं, केस पिकल्याचं मला कवाच काय वाटलं न्हाई. दोघांचं संगंच पिकलं हुतं. आज त्या दुकानात वाटलं, मी एकटीच म्हातारी झाले."

पोरीच्या साखरपुड्याला आई नाही, आणि कारण काय, तर बापाची मिशी! रंग उतरवायचा, आणि रविवारच्या आत उतरवायचा, असं मी ठरवलं.

संपत म्हणाला, रंग भारीतला आहे, दोन महिने हलणार नाही. हे त्याने फार अभिमानाने सांगितलं. मग मी पुण्याला प्रणालीला फोन लावला. जग केस काळे करतं आणि तुमचं हे उलटं काय, असं ती म्हणाली, पण कारण ऐकल्यावर मदतीला तयार झाली. भलतंसलतं औषध लावू नका, असं बजावून तिने नैसर्गिक उपाय सांगितला. लिंबाचा रस पाण्यात घालून केसांना लावायचा आणि रोज थोडा वेळ कोवळ्या उन्हात बसायचं. केस हळूहळू फिके होतात, महिनाभर लागतो. माझ्याकडे महिना नव्हता, पण लिंबं होती. महिन्याचा रस एकदम लावला तर महिन्याचं काम एका दिवसात होईल, असा सरळ हिशेब मी मांडला. (मोटरला एकदम जादा व्होल्टेज दिलं की काय होतं, हे मी गिऱ्हाइकांना रोज समजावून सांगतो, ती गोष्ट वेगळी.)

भर दुपारी गच्चीवर उघड्या अंगाने, डोक्यावर पिळलेल्या लिंबांच्या फोडी ठेवून मी डोळे मिटून बसलो. शेजारच्या आक्का त्यांच्या गच्चीवर वाळवण घालायला आल्या, माझं हे ध्यान बघितलं आणि वाळवणासकट खाली गेल्या. थोड्या वेळाने त्यांनी शालनला हळूच विचारलं, की यांना बाहेरचं काही लागलंय का आणि उतारा कोण करतंय. संध्याकाळपर्यंत माझे डोळे लाल झाले, टाळू भाजली आणि समोरची एक बट तेवढी तांबूस झाली. प्रणालीने मधाचंही सांगितलं होतं. मध लावला. तो मुंग्यांना आवडला. त्याबद्दल अधिक लिहवत नाही.

अशा वेळी माझा मेहुणा बजरंग मदतीला धावला. तो कराडकडच्या एका गुऱ्हाळावर गुळव्या आहे. गुळाला रंग कसा आणायचा, हे सगळं त्याच्या हातात. उसाचा रस उकळत असताना तो भेंडीची झाडं ठेचून काढलेलं चिकट पाणी कढईत सोडतो; त्याने मळी वर येते, ती काढून टाकली की गूळ सोन्यासारखा निघतो. साखरपुड्यासाठी तो दोन दिवस आधीच आला होता. त्याने माझं डोकं चारी बाजूंनी निरखलं.

"दाजी, काळाकुट्ट गूळ पिवळाधमक करतो मी. तुमचं डोस्कं म्हंजे काय, एक ढेप हाय."

तुम्ही शहाणे असाल तर हसाल. पण उसाच्या मुलखात जन्म काढलेल्या माणसाला हे पटतं. मला तर ते शास्त्रीय वाटलं! भेंडीचं बुळबुळीत पाणी बादलीभर डोक्यावर ओतून घेतलं. बजरंग सवयीने मळी वर यायची वाट बघत उभा राहिला. मळी आली नाही. पाणी मात्र उन्हात असं वाळलं, की डोक्याला गुंडाळलेला टॉवेल डोक्याचाच होऊन बसला. तो सोडवायला कढत पाणी, मूठभर खायचा सोडा आणि बजरंगचे राकट हात लागले. टॉवेल निघाला तेव्हा रंगही निघाला, पण त्याला वाटेल तिथला. पुढे तांबडा, मागे काळा, मध्येच पांढरे ठिपके आणि अर्धी मिशी काकवीच्या रंगाची. आमच्या गल्लीत अशी एक मांजर आहे. शालनने बघितलं, तोंडाला पदर लावला आणि आत गेली. ती हसली की रडली, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

रविवारी सकाळी मी तडक संपतकडे गेलो आणि सगळं काढ म्हणालो. डोकं, मिशी, काही ठेवू नको. संपत थबकला, काहीतरी विचारणार होता. मी डाफरलो, तसे त्याने डोळे पुसले आणि वस्तरा उचलला. पैसेही घेतले नाहीत. मला वाटलं, आपल्या कलपाची ही दशा बघून लाजला असेल.

आपल्याकडे माणूस डोकं आणि मिशी एकाच दिवशी कधी उतरवतो, हे मला घर दिसल्यावर आठवलं. दारात गर्दी होती. बायका पदर सावरून गप्प उभ्या होत्या. आक्कांच्या हातात पिठलं-भाकरीचं झाकलेलं ताट होतं, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही. कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, की आबा सोन्यासारखा माणूस होता. एवढ्यात खुद्द आबा नवा फेटा बांधून घरातून बाहेर आले आणि कोण गेलं म्हणून चौकशी करू लागले.

तेवढ्यात सांगलीहून व्याह्यांचा फोन आला. वाईट बातमीला रहिमतपुराहून सांगलीला जायला गाडी लागत नाही. जड आवाजात ते म्हणाले, आबांचं कळलं, सुतकात साखरपुडा नको, पुढं बघू. आदल्या दिवशीच पुण्याहून आलेली प्रणाली माझ्या टकलाकडे बघून रडायला लागली. तसं नाही, भेंडीमुळं झालं, भेंडीमुळं, एवढंच मी फोनवर म्हणत राहिलो. शालनने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"पावणं, कोण गेलं न्हाई. यांनी केस काळं केलं, म्हणून मी रुसले. मग माझ्यापायी परत पांढरं कराय गेले, तर समदंच गेलं." तिने फोन आबांपुढे धरला. "आबा, आता तुमीच सांगा."

"मी आबा बोलतोय," आबा म्हणाले. "जित्ता हाय. निघतोय आमी."

पलीकडून हसण्याचा असा लोट आला की फोन कानापासून लांब धरावा लागला. इकडे शालनही भिंतीला टेकून हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग आत जाऊन तिची जुनीच जांभळी इरकल नेसून आली आणि गाडीत माझ्या शेजारी बसली. तेवढ्यासाठी मी आणखी एक बादली भेंडी ओतून घेतली असती. पिठलं-भाकरी आम्ही कराडच्या पुढे एका झाडाखाली खाल्ली. आक्कांच्या हाताला चव आहे.

साखरपुड्यातला आम्हा दोघांचा एक फोटो मोठा करून पुढच्या खोलीत लावलाय. शालन त्यात इतकी मनापासून हसलीय, की दुसरा कुठला लावावासा वाटला नाही. शेजारी मी, गुळगुळीत. घरी नवीन माणूस आला की चहा पिता पिता त्या फोटोकडे बघतो, बुचकळ्यात पडतो, आणि मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारतो, की त्या वेळी कोण वारलं होतं, आणि वहिनी एवढ्या का हसतायत?

"माझं तरुणपण वारलं," मी सांगतो. "चार दिवसांसाठी आलं होतं. तिला ते आधीपासूनच पसंत नव्हतं."