स्टिकर, हमीद आणि आमचे लेलेकाका

लेलेकाकांची आणि माझी पहिली भेट अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या एका देशी किराणा दुकानात झाली, तीही थालीपिठाच्या भाजणीवरून. दोन हजार एकचा जानेवारी होता. पुण्याहून व्हिसावर येऊन मला जेमतेम दहा दिवस झाले होते आणि भाजणी म्हणजे काय हे दुकानदाराला हिंदीतून समजावताना माझी त्रेधा उडाली होती. मागून कोणीतरी म्हणाले, "अहो, इथे नाही मिळायची. घरी चला, सुमन देईल डबाभर." कानटोपी घातलेले, सडसडीत, सत्तरीकडे झुकलेले ते गृहस्थ म्हणजे भास्करराव लेले. माझे नाव विचारण्याआधीच त्यांनी मला गाडीत बसवले होते. भाजणी मिळालीच, शिवाय एक जाड कोटही मिळाला, कारण माझे पुणेरी जाकीट पाहून सुमनकाकूंना हसू आवरेना.

काका मोटारींच्या ब्रेकची चाचणी घेणारे इंजिनिअर. निवृत्तीनंतर त्यांचा सगळा जीव आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीतल्या नाटकात. तालमी त्यांच्या बेसमेंटमध्ये होत. ते बेसमेंट आठवले की अजून गलबलून येते. जुन्या गालिच्याचा वास, कोपऱ्यात घरघरणारा हीटर, थर्मासमधला आल्याचा चहा आणि काकांची हाक, "पुन्हा! शेवटच्या रांगेतल्या आजींना ऐकू नाही आलं!" ते कधी कोणावर ओरडत नसत, पण वाक्य नीट आल्याशिवाय चहाही मिळत नसे. आवाज आणि प्रकाशयोजना हमीद मुकादमकडे असे. हमीद रत्नागिरीकडचा, माझ्याच वयाचा, माझ्याच कंपनीत प्रोग्रामर. आमची दोस्ती त्या बेसमेंटमधलीच. ऑफिसला आम्ही रोज एकाच गाडीने जायचो.

मग तो सप्टेंबर आला. न्यूयॉर्कचे ते मनोरे कोसळताना आम्ही ऑफिसमध्ये टीव्हीसमोर उभे राहून पाहिले. पुढच्या आठवड्यात मंडळाच्या एका सभासदाला पेट्रोल पंपावर कोणीतरी 'आपल्या देशात चालते व्हा' म्हणून शिवीगाळ केली. सगळेच धास्तावले. मी तेव्हा मंडळाचा सेक्रेटरी होतो आणि अंगात उत्साह भलताच होता. आम्ही भारतातले हिंदू आहोत, अशा अर्थाचे इंग्रजी स्टिकर मी गाड्यांवर चिकटवण्यासाठी छापून घेतले. याच दिवसांत मी हमीदबरोबर जाणेही बंद केले होते. "माझं टायमिंग बदललंय," असे त्याला सांगितले. टायमिंग बदललेले नव्हते.

स्टिकरांचा गठ्ठा घेऊन मी शनिवारी तालमीला गेलो. शाबासकीची खात्रीच होती. काकांनी चष्मा लावून एक स्टिकर वाचला.

"छपाई सुबक आहे," ते म्हणाले. "एक मला दे. आणि एक हमीदला नेऊन दे. दोन तालमी झाल्या, आला नाही तो. कोणी फोन केलात?"

कोणीच केला नव्हता. मी म्हणालो, "काका, हमीदबद्दल कुणाला डाऊट नाहीये. पण लोक रिस्क कशाला घेतील? तुम्हीच सांगायचात ना, एक ब्रेक फेल झाला की अख्खी बॅच होल्ड करायची?"

"अरे, ते लोखंड आहे. एका साच्यातून निघतं. माणसं कुठल्या साच्यातून काढलेली तू पाहिलीस?"

नंतर काका जे बोलले ते त्या बेसमेंटमध्ये आम्ही कोणीच पूर्वी ऐकले नव्हते. अठ्ठेचाळीस साली ते साताऱ्याकडच्या एका खेड्यात शाळेत शिकत होते. दिल्लीत एका महात्म्याला गोळ्या घातल्या गेल्या. मारेकरी काकांच्या जातीचा निघाला. दुसऱ्या दिवशी जमावाने येऊन त्यांचे घर पेटवून दिले.

"त्या माणसाचं नाव आम्ही आदल्या दिवशीपर्यंत ऐकलंही नव्हतं," काका म्हणाले. "माझे वडील हात जोडून तेच सांगत होते, आम्ही त्याचे कोणी नाही. गर्दीत माझ्या वर्गातला एक मुलगा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. घराचं दुःख कधीच ओसरलं रे. ती फिरवलेली मान अजून जात नाही."

कोणीतरी अवघडून म्हणाले, "बरोबर आहे काका, अतिरेक्याला धर्म नसतो."

"असतो की! तो त्याचं नाव घेऊनच मारतो. मला असली गोड वाक्यं नको आहेत. पण त्याच्या गुन्ह्याचा जबाब त्याच्या धर्मातल्या प्रत्येकानं का द्यायचा, एवढं मला सांगा."

 दुसऱ्या दिवशी दुपारी काका मला हमीदच्या घरी घेऊन गेले. दार त्याच्या बायकोने, नसरीनने उघडले आणि आम्हाला पाहून ती क्षणभर घाबरली. माझ्यामुळे कोणी असे घाबरावे, हे मला फार लागले. काकांनी मला वाटेत बजावले होते, "मी काही बोलणार नाही. तुझं तूच बोलायचंस." मी स्टिकरांचे सांगितले, टायमिंगचेही सांगितले.

 हमीद म्हणाला, "टायमिंगचं मला कळलं होतं यार. तुझी कार रोज आठलाच खिडकीतून जाताना दिसायची. मला वाटलं, मी नसलो तर तुम्हालाच बरं पडेल."

"नाटक अंधारात करू काय रे गाढवा?" काका म्हणाले आणि नसरीनला त्यांनी हक्काने चहा टाकायला सांगितला. सोमवारी सकाळी आठला मी हमीदच्या दारात हॉर्न वाजवला. त्याला खाली यायला पाच मिनिटे लागली. ती मला फार मोठी वाटली. त्या दिवाळीत नाटक झाले, प्रकाश हमीदचाच होता. स्टिकर एकाही गाडीवर लागला नाही. आता हमीद दूर पश्चिम किनाऱ्याकडे बॉथेलला असतो आणि काकांनीही ते घर विकले. बेसमेंटमध्ये नवे मालक म्हणे व्यायाम करतात.

यंदा काकांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. माझ्यासारख्या कितीतरी नवख्यांना त्यांनी कोट दिले, गाडी शिकवली, आजारपणात डबे पोचवले. त्यांच्या गौरवाच्या या अंकात इतरजण ते लिहितीलच. मला मात्र गेल्या महिन्यातले एक सांगून टाकायचे आहे.

मुंबईवर हल्ला झाला त्या दिवसांत एकदा मी ऑफिसच्या कॅफेटेरियात एकटाच जेवत होतो. हिजाब घातलेली एक नवी मुलगी माझ्या टेबलाशी येऊन बसली आणि काही कळायच्या आत मी ट्रे उचलून उभा राहिलो. संध्याकाळी काकांना फोन केला. त्यांना आता कमी ऐकू येते, त्यामुळे ही लाजिरवाणी गोष्ट मला दोनदा मोठ्याने सांगावी लागली.

"मग परत बसलास का?" त्यांनी विचारले.

"बसलो."

"बोललास तिच्याशी?"

"हो. तिचा भाऊ मुंबईत असतो. त्याचा फोन लागत नाहीये."

"मग उद्या जाऊन विचार, लागला का," काका म्हणाले.

मी विचारले. लागला होता.

काका, तुम्हाला शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो. रीत म्हणून हे लिहीत नाही. सात वर्षांनंतरही माझा हात त्या ट्रेकडे गेला. 'परत बसलास का' असे विचारायला तुम्ही मला अजून पुष्कळ वर्षे हवे आहात.