यशवंतभाऊंची डाळ

यशवंतभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेपर वाचत होतो. भट्टीपाशीच छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं... याला आज पाच आठवडे झाले. फोन करणाऱ्याला मी पहिलं काय विचारलं असेल? भट्टी पेटलेली होती का. होती.

सोमाटण्याजवळ जुन्या हायवेला त्यांचा धाबा. पाटीवर ठसठशीत ‘पंजाबी’ लिहिलेलं, आणि भाऊंनी पंजाब पाहिला तो माझ्या शाळेतल्या नकाशावर, मी बोट ठेवून दाखवला तेव्हा. मूळ मालक एक सरदारजी. त्यांच्या हाताखाली राबून मावळच्या या माणसाने काळी डाळ अशी हातात बसवली, की गावी परतताना सरदारजी धाबा त्यांच्याच हवाली करून गेले. पंजाबचे ट्रक ड्रायव्हर बाजेवर मांडी ठोकून ती डाळ ओरपायचे. लोणावळ्याहून चिक्की घेऊन परतणारी कुटुंबं मुद्दाम गाडी वळवायची. घरच्या वरणाला नाक मुरडणारा मीही दर रविवारी तिथे हजर. रोटीचा करपट वास, हाताने फोडलेला कांदा, डाळीवर लोण्याचा गोळा... या जेवणाला रस्ताच लागतो, घरात ते लागत नाही, असं मी म्हणायचो आणि भाऊ हसायचे.

चार वर्षांपूर्वी ते तापातून उठले ते जिभेची चव गमावून. हृदयही कमजोर झालेलं. भट्टीपुढे उभं राहू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. भाऊंनी मला गाठलं.

“मला आता काई कळत न्हाई. तुमी चाखा, गुरुजी. बिघडली म्हनालात, तर त्याच दिशी भट्टी इझवतो.”

वर्षभर हाताच्या अंदाजाने डाळ तीच राहिली. मग मीठ वाढलं. पुढे लसूण करपू लागला. मी मात्र दर रविवारी ‘फक्कड’ म्हणत राहिलो. माझ्या तोंडाकडे टक लावून बघणाऱ्या त्या माणसाला दुसरं काय सांगणार, असं तेव्हा वाटायचं. आता वाटतं, मी भित्रा होतो, बाकी काही नाही. बाजा रिकाम्या पडत गेल्या. गाड्या उर्से टोलवरून परस्पर जातात, असं म्हणून भाऊ एक्स्प्रेसवेला दोष द्यायचे आणि मी मान डोलवायचो.

जलदान विधीला गेलो. बुद्धवंदना झाली, जेवणं उरकली, मग वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या भाकरी-कालवणाच्या, धाब्यावरची डाळ त्यांनी कधी तोंडात घेतली नव्हती. भट्टी बंद करा म्हणून त्या रोज भाऊंच्या मागे लागायच्या, पण ते ऐकायचे नाहीत.

“म्हनायचे, गुरुजी खोटं बोलनार न्हाईत. डाळ चांगली हाय तवर मी उभा ऱ्हानार.”

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या.

“शेवटपातूर चव तीच व्हती ना, गुरुजी?”

“तीच होती,” मी म्हणालो.